सर्वानुमते

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, सकाळी साडेआठच्या सुमारास मी आणि आमच्या तळमजल्यावरच्या काकू मतदानाच्या रांगेत उभे होतो. शाळेच्या व्हरांड्यात ऊन अजून पोचलं नव्हतं. ज्येष्ठांना पुढे सोडत होते, पण काकू रांग मोडायला तयार नव्हत्या. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्याला स्कार्फ, पायात मोजे, हातात ओळखपत्राची झेरॉक्स आणि मूळ प्रत दोन्ही. मध्येच वळून म्हणाल्या, "महापालिकेला आधीचं मत कधी दिलं होतं हो आपण?"

"सतरा साली. फेब्रुवारीत."

"म्हणजे पाच वर्षांचं काम नऊ वर्षांनी," असं म्हणून त्या पुन्हा पुढे बघायला लागल्या.

मला वाटलं, आता गाडी माझ्यावर येणार. आली नाही. का येणार होती ते सांगतो, पण जरा पुढे. त्या गोष्टीत माझी बाजू फारशी चांगली नाही, आणि अशी बाजू कुणी लेखाच्या पहिल्या परिच्छेदात मांडत नाही.

चार मतं देऊन बाहेर आलो. रेषेपलीकडे टेबलं मांडून बसलेले सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते एकाच टपरीचा चहा पीत होते. पंधरवडाभर रिक्षांवरच्या कर्ण्यांतून, फ्लेक्सवरून, व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओंतून एकच शब्दप्रयोग कानावर आदळत होता : लोकशाहीचा उत्सव. उत्सव म्हटला की मला आधी त्याची तिथी बघायची सवय आहे. गणपती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला बसतो. वर्गणी जमली नाही, मांडवाचा वाद कोर्टात आहे, म्हणून तो चार वर्षं पुढे ढकलता येत नाही. महापालिकेच्या उत्सवालाही तिथी आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं आलेलं २४३-यू कलम सांगतं की सभागृहाची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत नवी निवडणूक झाली पाहिजे. हे १ जून १९९३ पासून लागू आहे. पुण्याच्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. दुसऱ्या दिवसापासून प्रशासक.

कारणं होती. कारणं नेहमीच असतात. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता. प्रभाग तीन सदस्यांचा की चार, हे एका सरकारनं ठरवलं आणि दुसऱ्यानं येऊन फिरवलं. तारखांवर तारखा पडल्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, मग त्यालाही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून मिळाली. या काळात मुंबईत दोन्ही बाजू सत्तेवर बसून गेल्या, त्यामुळे कुणा एकाकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. स्थानिक स्वराज्य हा लोकशाहीचा पाया आहे, हे वाक्य दोन्हीकडच्या भाषणांत असायचं. फक्त निवडणूक नसायची.

महापालिकेचं कामकाज मात्र थांबलं नव्हतं. आयुक्तांचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे जायचा, तिथून मुख्य सभेपुढे. एवढंच की स्थायी समिती म्हणजेही प्रशासक, मुख्य सभा म्हणजेही प्रशासक आणि प्रशासक म्हणजे आयुक्त. दहा हजार कोटींच्या पुढची अंदाजपत्रकं अशी मंजूर झाली. यात अधिकाऱ्यांना दोष द्यायचं कारण नाही, त्यांना तसं नेमूनच दिलं होतं. पण स्वतः मांडायचं, स्वतः तपासायचं, स्वतःच मंजूर करायचं, या सभेचं इतिवृत्त लिहायला किती सोपं असेल, असं मला तेव्हा राहून राहून वाटायचं. एकही ठराव बहुमतानं नाही. सगळे सर्वानुमते.

त्यात खासदारही नव्हता. २९ मार्च २०२३ ला गिरीश बापट गेले. रिकाम्या झालेल्या जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी असा कायदा आहे. उरलेली मुदत वर्षाच्या आत असली तर सूट मिळते, पण इथे वर्षाहून जास्त उरली होती. इतर निवडणुकांची कामं आहेत आणि निवडून येणाऱ्याला काळ फार थोडा मिळेल, असं आयोगाचं म्हणणं. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं निवडणूक घ्या म्हणून आदेश दिला, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, आणि शेवटी १३ मे २०२४ ला आम्ही लोकसभेच्या नेहमीच्या निवडणुकीतच मत दिलं. म्हणजे वर्षभराहून जास्त काळ पुणे शहराला ना नगरसेवक, ना खासदार. ड्रेनेज तुंबलं की लोक माजी नगरसेवकाला फोन करायचे. तो बिचारा यायचाही, कारण आज ना उद्या निवडणूक होणारच होती.

या सगळ्यावर मी गेल्या वर्षी जुलैमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक पोस्ट टाकली होती. कलम २४३-यू, घटनादुरुस्ती, तारखा, सगळं. शेवटी, लोकशाहीच्या गप्पा मारणाऱ्यांना तारीख विचारा, असं एक टाळ्यांचं वाक्य. अंगठे आले, नमस्कार आले, तिसऱ्या मजल्यावरून एक धगधगती मशाल आली. संध्याकाळी काकूंचं उत्तर आलं. दोनच शब्द.

"आणि आपली?"

आता माझी गोष्ट.

आमची सोसायटी सहकारनगरात. चार मजले, अठ्ठावीस फ्लॅट, १९८४ चं बांधकाम. मी सेक्रेटरी. २०१६ साली झालो, कारण दुसरं कुणी पुढे येईना. हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा म्हटलंय की, मुदत संपल्यावरही खुर्चीत राहिलेल्या सगळ्या माणसांचं हे सामायिक ब्रीद असावं, असा मला संशय आहे. समितीची मुदत पाच वर्षांची. ती २०२१ मध्ये संपली तेव्हा कोविड होता आणि सहकारी संस्थांच्या निवडणुका सरकारनंच पुढे ढकलल्या होत्या. मग कोविड गेला आणि लिफ्ट आली. लिफ्टचं काम अर्धवट असताना निवडणूक कशी घ्यायची? आणि काम झाल्यावर, आता सगळं सुरळीत चाललंय तर कशाला? कायद्यानं बघितलं तर आमच्यावरच प्रशासक यायला हवा होता.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आमच्या पार्किंगमध्ये माझी भक्ती वगैरे कुणी करत नव्हतं. तिथे नुसता कंटाळा होता. पण भक्तीचं काम कंटाळ्यानंही भागतं, हे मला स्वतःच्या अनुभवावरून सांगता येईल.

तर, सप्टेंबर २०२४ ची वार्षिक सर्वसाधारण सभा. रात्री साडेआठ, पार्किंगमध्ये मांडववाल्याकडच्या लाल खुर्च्या. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा, कारण तेव्हा गणपूर्तीची अट नसते. पुण्यातल्या सोसायट्यांचा निम्मा कारभार या अर्ध्या तासाच्या जोरावर चालतो. विषय क्रमांक पाच, लिफ्ट बसवणे. काकू उठल्या. तळमजल्यावरच्या बाईंना लिफ्टचे पैसे द्यायचे नसणार, असं सगळ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "पैसे मी देईन. पण कोटेशनं तीन लागतात, इथे दोन आहेत. आणि दुसरं पहिल्याच्याच सख्ख्या भावाचं दिसतंय. ठरावाला माझा विरोध आहे. तेवढा लिहा."

मी म्हणालो, "हो हो, काकू. लिहितो."

त्या रात्री इतिवृत्ताच्या वहीत मी लिहिलं : 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.'

सविस्तर चर्चाही झाली नव्हती. पण इतिवृत्ताची भाषा अशी असते की लेखणी टेकली की ती आपोआप त्या चाकोरीतून चालायला लागते. खोटं लिहावं म्हणून मी लिहिलं नाही, हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. मग एकदा लिफ्टमध्येच अडकलो (दुसरं कोटेशन घ्यायला हवं होतं, ते वेगळं), त्या वीस मिनिटांत जरा खरं खरं आठवलं. वाक्य लिहिताना मला काकूंचं बोलणं स्पष्ट आठवत होतं. पण अठ्ठावीसात एक विरोध म्हणजे माझ्या कामावर पडलेला डाग वाटला. इतकी धावपळ मी केली, फुकट केली, आणि वहीत कायमचं राहणार काय, तर विरोध? मी काही वाईट माणूस नाही. तीस वर्षं बँकेत काढली, एका पैशाचा घोटाळा नाही. आणि तरीही ती एक बाई मला त्या वाक्यात नको होती.

सप्टेंबर २०२५. पुन्हा लाल खुर्च्या. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. या विषयाला आजवर कुणी मान वर करून बघितलेलं नाही. मी 'मंजूर?' म्हणतो, कुणीतरी 'मंजूर' म्हणतं, आणि पुढे. काकू उभ्या राहिल्या. "इतिवृत्त चुकीचं आहे."

त्या महापालिकेत नगरसचिवांच्या कार्यालयातून निवृत्त झाल्या आहेत. मुख्य सभेची इतिवृत्तं टाइप करण्यात उभा जन्म गेला. "अहो सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सभागृहात शंभरावर माणसं एकदम ओरडायची, कुणी राजदंड पळवायचं, कुणी टेबलावर चढायचं. तरी बाजूनं कोण आणि विरुद्ध कोण, हे कागदावर यायचं. तुमच्या पार्किंगमध्ये नऊ माणसं होती."

कुणीतरी हसलं. मी नाही.

तेव्हापासून मी पुढाऱ्यांची भाषणं जरा वेगळ्या कानानं ऐकतो. आपल्याकडे बोलणं आणि वागणं जुळतं का, असा प्रश्न आला की 'बोले तैसा चाले' पुढे येतं. आमच्या मतदान केंद्राच्या भिंतीवरही ते होतं, नेमकं पुठ्ठ्याच्या आडोशामागे. पण लोकशाहीच्या बाबतीत ही फूटपट्टी मला पुरत नाही. लोकशाहीबद्दल वाईट बोलणारा पुढारी मला साठ वर्षांत भेटलेला नाही. मग जुळवून बघायचं कशाशी?

आणीबाणी आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. सदाशिव पेठेतल्या वाड्यात, खालच्या ओसरीवर रेडिओ. २६ जून १९७५ च्या इंदिराबाईंच्या भाषणाचा मला अर्थातच एक शब्द आठवत नाही, पण पुढे वाचलं तेव्हा थक्क झालो. लोकशाहीच्या नावाखाली लोकशाहीचं कामकाजच बंद पाडायचा प्रयत्न चालला आहे, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे आणीबाणीसुद्धा लोकशाहीसाठीच. वाड्यातले एक मास्तर त्याच पावसाळ्यात येरवड्याला गेले. 'मिसा' (चौकशीविना डांबून ठेवायचा कायदा) हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि कितीतरी दिवस मला ते कुणा बाईचं नाव वाटत होतं. वडील सरकारी नोकरीत. त्यांच्या कचेरीत कमी बोला, जास्त काम करा अशा अर्थाच्या पाट्या लागल्या होत्या. गाड्या वेळेवर यायला लागल्या म्हणून ते खूशही होते. हे त्यांनी नंतर कधी नाकारलं नाही, याचा मला आता जरा आदर वाटतो. सत्त्याहत्तर नंतर पुण्यात आणीबाणीचा एकही समर्थक उरला नव्हता, मागच्या तारखेपासून.

पण मला राहून राहून आठवते ती त्या पहाटेची मंत्रिमंडळाची बैठक. राष्ट्रपतींची सही आदल्या रात्रीच झालेली. मंत्र्यांना सकाळी सहाला बोलावून सांगितलं गेलं. स्वर्णसिंगांनी तेवढा सौम्यसा एक प्रश्न विचारल्याची नोंद आहे. बाकी सगळे गप्प. आमच्या वहीच्या भाषेत, सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते.

यशवंतराव चव्हाण तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. त्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, कारण लोकशाहीबद्दल नुसतं बोलणारा तो माणूस नव्हे. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या त्या त्यांच्या काळात. सत्ता मुंबईतून उचलून तालुक्यात नेऊन ठेवायची, हे मुख्यमंत्र्यानं आपण होऊन करणं सोपं नसतं. आणि तोच माणूस जून १९७५ मध्ये काही बोलला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं. स्वागताध्यक्ष यशवंतराव, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला लावली आणि लेखनस्वातंत्र्यावर घातलेल्या बंधनांविरुद्ध जे बोलायचं ते बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. त्या मांडवात यशवंतरावांच्या मनात काय चाललं असेल, हे मला कुणी सांगितलं तर मी ते इतर कशाहीपेक्षा जास्त मन लावून ऐकीन.

पुण्याचे मोहन धारिया त्याच पक्षाचे, त्याच सरकारात राज्यमंत्री. जयप्रकाशांशी बोलणी करा, असा आग्रह धरला म्हणून मार्च १९७५ मध्ये मंत्रिपद गेलं. आणीबाणीत तुरुंगात गेले आणि १९७७ ला पुण्यातूनच जनता पक्षातर्फे निवडून आले. त्यांची भाषणं मी फारशी वाचलेली नाहीत. वाचायची गरजही कधी वाटली नाही.

संध्याकाळी फिरायला मी लॉ कॉलेज टेकडीवर जातो. खाली कॉलेजची इमारत दिसते. तिथे शिकलेले यशवंत विष्णु चंद्रचूड सर्वोच्च न्यायालयाच्या त्या पाच जणांत होते, ज्यांच्यापुढे १९७६ साली प्रश्न आला : आणीबाणीत माणसाला विनाकारण डांबलं तर त्यानं कोर्टात दाद मागायची की नाही? २८ एप्रिलला निकाल लागला, चार विरुद्ध एक. नाही मागायची. ते त्या चौघांपैकी एक. विरुद्ध लिहिणारे एकटे हंसराज खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं तो जुना निकाल चुकीचा ठरवला. त्या पीठात थोरल्या चंद्रचूडांचे चिरंजीव होते. एकेचाळीस वर्षं तो एकट्याचा नकार छापील पानावर थांबून राहिला होता. 'पाच जणांनी सर्वानुमते' असं लिहिलेलं असतं, तर २०१७ च्या पीठाला हाताशी धरायला काय मिळालं असतं?

इंदिराबाईंनी १८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर केली. हरल्या, रायबरेलीत स्वतःसुद्धा हरल्या, आणि पायउतार झाल्या. याचं श्रेय त्यांना द्यावं की नाही, यावर आमच्या घरी वडील असेपर्यंत वाद चालायचा. मी म्हणायचो, एकवीस महिने लोकांना कोंडून मग दार उघडलं, त्याचं कसलं कौतुक? वडील म्हणायचे, दार उघडलं ना? बाकीच्या देशांत बघ. आता सेक्रेटरीपदाच्या दहाव्या वर्षी मी वडिलांच्या बाजूला थोडा सरकलो आहे. पूर्ण नाही. तारीख जाहीर करणं हे किती अवघड काम असतं, एवढं मात्र मला कळलंय.

बोलणं आणि करणं यांत अंतर पडणार, हे मी धरूनच चालतो. आगरकरांनी तर ते ब्रीदवाक्यातच सांगून टाकलं होतं : इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार. शाळेत हे पाठ केलं तेव्हा त्यातलं धाडस कळलं नव्हतं. हा माणूस उघड सांगतोय की माझं बोलणं माझ्या करण्याच्या पुढे धावेल, अंतर पडेल, ते तुम्हाला दिसेल आणि तुम्ही मला त्याबद्दल विचारा. पुण्यानं विचारलंही. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. नेहरूंनी १९३७ मध्ये कलकत्त्याच्या एका मासिकात 'चाणक्य' या टोपणनावानं स्वतःवरच लेख लिहून इशारा दिला होता, की जवाहरलालवर नजर ठेवा, याचा हुकूमशहा व्हायला वेळ लागणार नाही. आणि त्याच नेहरूंच्या सरकारनं ३१ जुलै १९५९ ला केरळातलं निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार बरखास्त केलं. लेख खोटा होता असं मी म्हणणार नाही. लेख लिहिणाऱ्यालाही नजर ठेवणारा दुसरा कुणीतरी लागतो, आणि तो टोपणनावानं स्वतःच होऊन भागत नाही.

मला राग येतो तो अंतर पुसून टाकणाऱ्यांचा. म्हणजे, वहीत बघायचं झालं तर, माझा.

सभेनंतर आठवडाभर काकूंकडे जायचं मी टाळलं. मग गेलो. त्यांनी चहा केला, आणि मी काही बोलायच्या आत महात्मा फुल्यांवर आल्या. जोतीराव १८७६ ते १८८३ पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते. निवडून आलेले नव्हेत, सरकारनं नेमलेले. तेव्हा सगळेच नेमलेले. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये मंजूर करायचा ठराव आला. बत्तीस सभासद. जोतीराव म्हणाले, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला. मत पडलं तेव्हा विरोधात ते एकटे. ज्या सभागृहात एकही माणूस लोकांनी पाठवलेला नव्हता, तिथे ज्यांना पाठवायचा हक्कच नव्हता अशांच्या वतीनं एक हात वर झाला. त्यांनी नव्या मंडईच्या खर्चालाही विरोध केला होता. मंडई झालीच. लॉर्ड रे यांच्या नावानं बांधली गेली, आणि आज तिला कुणाचं नाव आहे ते पुण्यात भाजी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या इमारतीला विरोध केला तिलाच नाव, असा न्याय फक्त आमच्या गावात मिळतो.

मीही मग माझ्या वाचनातलं सांगितलं. १८७० साली सार्वजनिक सभा निघाली तेव्हा सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांच्या सहीचा मुखत्यारनामा आणावा लागायचा. पंचाण्णव सभासद आणि त्यांच्यामागे सहा हजारांच्या आसपास सह्या. सगळे सरदार, सावकार, वकील वर्गातले हे खरं, पण मी कुणाच्या वतीनं बोलतोय ते कागदावर दाखवा, ही अट स्वतःलाच घालून घेतलेली. माझ्याकडे कुणाच्या सह्या आहेत? २०१६ च्या. त्यातले चौघे वारले, सहा जणांनी फ्लॅट विकले.

मग मी जरा भरात येऊन म्हणालो, "काकू, जोतीरावांचं ते एक मत आज आपल्यापर्यंत पोचलं, ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून. तुमचा विरोधही तसाच..."

"इतकं मोठं करू नका," त्या म्हणाल्या. "जोतीराव कुठे, आणि लिफ्ट कुठे. माझं नाव लिहायचं राहिलंय, ते लिहा. आणि चहा निवतोय."

लिहिलं. जुनी ओळ खोडली नाही, इतिवृत्तात खोडायचं नसतं, हे त्यांनीच सांगितलं. खाली दुरुस्ती म्हणून नोंद केली : 'ठराव क्र. ५ सर्वानुमते नसून बहुमताने मंजूर. विरोध एक.' पुढे नाव, फ्लॅट क्रमांक आणि कारण. तीन कोटेशनं नसणे. काकूंनी चष्मा लावून वाचलं, 'कोटेशनं' च्या जागी 'दरपत्रके' करायला लावलं आणि वही परत दिली. मे महिन्यात कुरडया वाळत घालायला त्या गच्चीवर लिफ्टनंच जातात. मी एकदा थट्टेनं काही बोललो तर म्हणाल्या, विरोध ठरावाला होता, लिफ्टला नाही.

मतदानाहून परत येताना त्या दिवशी आम्ही जिन्यापाशी थांबलो. त्यांनी बोटाची शाई बघितली, माझ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. मी वर न जाता सरळ ऑफिस म्हणजे मीटरच्या शेजारची आमची खोली उघडली.

विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लिहायला मला तीन दिवस लागले. विषय एकच : व्यवस्थापन समितीच्या निवडणुकीसाठी निवडणूक अधिकारी नेमणे. पहिल्या मसुद्यात 'लवकरच' होतं. दुसऱ्यात 'फेब्रुवारीत, सर्वांच्या सोयीने'. तिसऱ्यात वार आणि तारीख घातली, खाली सही केली, शिक्का मारला आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर कागद डकवला. मागे सरून दोनदा वाचला. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तारीख टाकली. ती म्हणाली, बघू.

संध्याकाळी दूध आणायला खाली उतरलो. नोटिशीच्या तळाला कुणीतरी पेन्सिलीनं, टाइपरायटरवर आयुष्य काढलेल्या माणसाचं असतं तशा सरळ, सुट्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता.

'वेळ?'

वेळ लिहायची राहिली होती.